बाबांच्या कपाळावरच्या आठ्या: देहबोली शिकायला निघालेल्यांसाठी

मी नोकरी बदलली त्या वर्षापासून बाबांशी बोलायला बसलं की त्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. मान किंचित वळवून, डोळे बारीक करून ते माझ्याकडे बघत राहायचे. माझा निर्णय त्यांना पटलेला नाही, असं मी ठरवूनच टाकलं. मग मी बोलणं आवरतं घ्यायला लागले, आणि तेही गप्प गप्प राहायला लागले. दीडेक वर्षाने एकदा जेवताना मी नेहमीच्या खुर्चीत न बसता त्यांच्या उजव्या हाताला बसले, तर आठ्या गायब! पुढच्या आठवड्यात कानांची तपासणी करून घेतली. डाव्या कानाने त्यांना जेमतेम निम्मं ऐकू येत होतं. शब्द पकडायची धडपड चालली होती, आणि मी तिला राग समजत होते.

वर कहर म्हणजे त्याच काळात मी देहबोलीवर मिळेल ते वाचत होते. आठ्या म्हणजे नापसंती, हाताची घडी म्हणजे विरोध, नाकाला हात म्हणजे खोटं, हे सगळं मला तोंडपाठ होतं. तेच अंगाशी आलं. म्हणून हा लेख. रोजच्या बोलण्याचालण्यात समोरच्याला थोडं बरं समजून घ्यायचं असेल, तर मला उपयोगी पडलेल्या पायऱ्या इथे क्रमाने देतेय.

सुरुवातीला काय काय लागेल

- खिशात मावेल अशी वही. मोबाइलवरही चालेल, पण माणसासमोर मोबाइल काढला की त्याची देहबोली तिथल्या तिथे बदलते.
- आवाज बंद करून बघता येईल अशी एखादी मुलाखत किंवा मालिका, शक्यतो तुम्हाला न येणाऱ्या भाषेतली.
- मोबाइलचा कॅमेरा, स्वतःसाठी.
- तोंडावर खरं सांगणारं एक माणूस.
- महिनाभर, रोज दहा मिनिटं.

'या खुणेचा अर्थ हा' छापाचे तक्ते नकोत. असले तर बाजूला ठेवा.

१. आधी ऐकीव आकडे डोक्यातून काढा

'संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५' हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेलच. आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून आलेले आहेत, पण प्रयोग काय होते ते कुणी सांगत नाही. लोकांना वेगवेगळ्या सुरांत उच्चारलेले सुटे शब्द ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याची भावना ओळखायला सांगितली. शब्द एक सांगतोय आणि सूर किंवा चेहरा दुसरंच, तेव्हा माणसं कशावर भरवसा ठेवतात एवढाच मुद्दा होता. भावना किंवा आवडनिवड याबद्दल बोलणं चाललं नसेल तर हे समीकरण लावू नका, असं खुद्द मेहराबियन यांनीच नंतर स्पष्ट केलं.

पडताळा घ्यायचा तर ती परक्या भाषेतली मुलाखत आवाज बंद करून पाच मिनिटं बघा. कोण वैतागलंय, कोण खूश आहे, याचा थोडाफार अंदाज येईल. ते कशावर बोलतायत, कोण काय कबूल करतंय, कितीला सौदा ठरला, यातलं काही म्हणजे काही कळणार नाही. आवाज बंद असला तरी देहबोलीचे ५५ टक्के कळायला हवे होते, नाही का?

२. माणसाची पट्टी ओळखा

गाणारा कुठल्या पट्टीत गातोय हे माहीत नसेल तर त्याचा सूर चढला की उतरला हे सांगता येत नाही. माणसाचंही तसंच. कुणी मुळातच हातवारे करून बोलतं, कुणी पुतळ्यासारखं बसतं. कुणाचा पाय सतत हलत असतो. त्याने पाय हलवला यात बातमी नाही, थांबवला तर आहे.

पहिला आठवडा फक्त यासाठी ठेवा. रोज भेटणारी दोनच माणसं निवडा. साध्यासुध्या गप्पांमध्ये ती कशी बसतात, किती वेळ नजर देतात, किती वेगाने बोलतात, हात कुठे असतात, एवढंच टिपा. अर्थ लावायचा नाही. हे जरा कंटाळवाणं आहे. बहुतेक लोक हीच पायरी गाळतात आणि पुढे तोंडघशी पडतात.

पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाचं काय? त्याची पट्टी तुम्हाला माहीतच नसते. सुरुवातीची पाच मिनिटं प्रवास कसा झाला, पत्ता सापडला का, असलं बिनधोक बोलून घ्या. तीच त्याची तात्पुरती पट्टी. त्या भेटीत याहून जास्त अर्थ काढायला जाऊ नका.

३. वहीत तीन रकाने आखा

पाहिलं. वाटलं. आणखी काय असू शकेल.

हे तीन रकाने म्हणजे माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. माझ्या वहीतली एक नोंद देते.

*पाहिलं:* आढावा बैठक, अर्धा वेळ संपलेला. पुढच्या टप्प्याची तारीख जाहीर झाली. तोवर भराभर टिपणं घेणाऱ्या सहकारीने पेन वहीवर आडवं ठेवलं, खुर्ची वीतभर मागे घेतली. उरलेली वीस मिनिटं एक अक्षर लिहिलं नाही. अंगठ्याने करंगळीतली अंगठी फिरवत राहिली.

*वाटलं:* तारीख तिला मान्य नाही.

*आणखी काय असू शकेल:* दमली असेल. तारीख आधीच ठाऊक असेल. घरून काही निरोप आला असेल. पाठ दुखत असेल.

संध्याकाळी विचारलं, तेव्हा कळलं की त्याच आठवड्यात तिची शस्त्रक्रिया ठरली होती आणि तिने ते कार्यालयात अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. तारखेला तिचा काडीचाही विरोध नव्हता. माझा दुसरा रकाना चुकला, तिसऱ्यातलंही काही नेमकं बरोबर नव्हतं. पहिला मात्र पक्का होता: तारखेच्या क्षणी काहीतरी झालं. देहबोलीतून बहुतेक वेळा एवढंच हाती लागतं. काहीतरी झालं, आणि ते केव्हा झालं.

पहिल्या रकान्यात 'वैतागलेली दिसली' असं लिहिलंत की फसलात. वैताग डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते आवळलेले ओठ, झटकन मिटलेली वही, आखूड झालेली उत्तरं. पहिले काही दिवस हा फरक करताना चांगलाच घाम फुटतो.

४. चेहऱ्यावर थांबू नका, खाली उतरा

आपण सगळे चेहरेच वाचत बसतो, आणि सगळ्यात जास्त सांभाळला जातो तोही चेहराच. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यावसायिक टेनिसपटूंचे गुण जिंकल्या-हरल्याच्या क्षणाचे फोटो लोकांना दाखवले. नुसता चेहरा बघून जिंकला की हरला हे लोकांना धड सांगता येईना. चेहरा झाकून नुसतं शरीर दाखवलं तर येत होतं. भावना टोकाला गेली की आनंदाचा आणि दुःखाचा चेहरा सारखाच वेडावाकडा होतो.

मग बघायचं काय? मराठीनेच यादी करून ठेवली आहे. 'काढता पाय घेणं' म्हणतो ना आपण? उभ्याउभ्या बोलताना माणूस हसतमुख असतो, पण एक पाऊल दाराकडे वळलेलं असतं. त्याला निघायचं असण्याची शक्यता बरीच. 'अंग चोरणं' म्हणजे खांदे आत, कोपर बरगड्यांना टेकलेले, कमीत कमी जागा व्यापून बसणं. 'चुळबूळ', 'हात झटकणं', 'मान टाकणं', सगळं रोजचंच आहे. आपल्या भाषेला हे आधीच माहीत होतं, आपण तक्त्यांच्या नादात विसरलो.

'तोंडदेखलं हसू' हा तर नेमका शब्द. ड्यूशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये चेहऱ्याचे स्नायू विजेच्या सौम्य धक्क्यांनी हलवून दाखवलं की मनापासूनच्या हसण्यात ओठांच्या कडांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळतो. गाल वर येतात, डोळ्यांच्या कोपऱ्यांत सुरकुत्या पडतात. हा ठोकताळा उपयोगी आहे, पण अंगठा टेकून सही करण्याइतका पक्का नाही. बऱ्याच जणांना डोळ्यांतलं हसूही ठरवून आणता येतं, हे नंतरच्या अभ्यासांत दिसलं आहे. शिवाय तोंडदेखलं हसणारा प्रत्येकजण लबाड नसतो. बऱ्याचदा तो फक्त सभ्य असतो.

एकट्या खुणेवर मात्र काही ठरवू नका. घडी घातलेले हात म्हणजे थंडी, सवय, खुर्चीला हात नसणं, किंवा शर्टावरचा डाग लपवणं यांतलं काहीही असू शकतं. पट्टीपासून हललेल्या दोनतीन गोष्टी एकाच क्षणी दिसल्या तरच वहीत लिहायचं.

५. कान लावा

देहबोली म्हटलं की लोक डोळे ताणून बघायला लागतात. मला विचाराल तर सगळ्यात भरवशाची खूण कानांना कळते. ती म्हणजे विराम.

२००९ मध्ये दहा भाषांमधल्या संभाषणांची तुलना झाली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाला. म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, पापणी लवायच्या आतबाहेर. आणि होकार नकारापेक्षा लवकर येतो, हेही त्यात दिसलं. हा काळ आपण घड्याळाने मोजत नाही, पण आपल्याला तो बरोबर जाणवतो.

'रविवारी सामान हलवायला येशील ना?'

'हो, येतो की.'

आता हेच पुन्हा, पण 'हो'च्या आधी एक सेकंद रिकामा सोडून, आणि 'की' जरा लांबवून. शब्द तेच आहेत, तरी तुम्ही मनातल्या मनात दुसऱ्या कुणाला विचारावं याचा विचार सुरू केलेला असतो. असा उशिरा आलेला 'हो' ऐकू आला की मी लगेच परतीची वाट मोकळी करून देते: 'जमत नसेल तर मोकळेपणाने सांग, मी दुसरी सोय बघते.' दहापैकी सहासात वेळा समोरचा सुटकेचा श्वास टाकतो. हा माझा स्वतःचा हिशेब आहे, शास्त्राचा नव्हे.

इथे एक मोठा खड्डा आहे. व्हिडिओ कॉलवर आवाज यायला मुळातच उशीर होतो, त्यामुळे प्रत्येकजण थोडा नाराज, थोडा अनिच्छुक वाटतो. तिथे विरामांवरून काहीही ठरवू नका. तिथल्या नजरेवरूनही नको: समोरचा पडद्यावरच्या तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतो आणि कॅमेरा वर असतो, म्हणून तो खाली बघतोय असं दिसतं.

नजरेचाच विषय निघालाय म्हणून सांगते. ॲडम केंडन यांनी १९६७ मध्ये संभाषणातल्या नजरेचा अभ्यास केला, त्यात दिसलं की माणूस लांबलचक बोलणं सुरू करताना बहुधा नजर बाजूला घेतो आणि संपवत आणताना पुन्हा समोरच्याकडे वळवतो, जणू 'आता तू'. ऐकणारा मात्र बोलणाऱ्याकडे जास्त वेळ बघतो. तेव्हा अवघड प्रश्नावर कुणी छताकडे बघितलं तर ते 'नजर चुकवणं' नसतं, तो शब्द जुळवत असतो. त्याला जुळवू द्या, मध्ये तोंड घालू नका.

६. अंतराचं भान

हे थोडक्यात. एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये माणसामाणसातल्या अंतराचे चार पट्टे सांगितले: अगदी जवळच्यांसाठी ४५ सेंटिमीटरपर्यंत, ओळखीच्यांसाठी साधारण १.२ मीटरपर्यंत, कामाच्या बोलण्यासाठी ३.६ मीटरपर्यंत आणि त्यापुढे सार्वजनिक. हे आकडे मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मध्यमवर्गीयांवरून काढलेले आहेत, त्यामुळे फूटपट्टी घेऊन फिरू नका. एवढं बघा: तुम्ही पुढे सरकल्यावर समोरचा मागे सरकतो का? सरकला तर पुन्हा पुढे जाऊ नका. गर्दीच्या लिफ्टमध्ये यातलं काही लागू नाही. तिथे सगळे मजल्याच्या आकड्यांकडे बघत उभे असतात, आणि ते बरंच आहे.

७. विचारा, पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभं न करता

वहीतला तिसरा रकाना घरी बसून भरून होत नाही. त्यासाठी माणसाला विचारावं लागतं, आणि विचारताना मी सुरुवातीला घोळ घातला. 'तू आत्ता हाताची घडी घातलीस, म्हणजे तुला पटलं नाहीये,' असं मी एका मैत्रिणीला सांगितलं. तिने पुढचा तासभर हात मांडीखाली दाबून ठेवले. आपल्यावर कुणीतरी दुर्बीण लावून बसलंय असं वाटलं की माणूस मिटतो.

- खुणेचा उल्लेख टाळा, क्षणाचा करा. 'तारखेचा विषय निघाला तेव्हा तुला काही म्हणायचं होतं का?'
- चारचौघांत विचारू नका. बैठकीनंतर, चालता चालता, शेजारी शेजारी असताना विचारा. समोरासमोर बसून विचारलं की ती चौकशी वाटते.
- 'काही नाही' असं उत्तर आलं तर तिथेच सोडा. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे उकरून काढणं. तुम्ही विचारलंत हे समोरच्याच्या लक्षात राहतं, आणि कधीकधी दोन दिवसांनी तो स्वतःहून येतो.

८. खोटं पकडायच्या नादाला लागू नका

हा मोह सगळ्यांनाच होतो. मलाही झाला होता. २००६ मध्ये बाँड आणि डीपॉलो यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, सुमारे २४,००० लोकांचे निवाडे त्यात होते. खरं की खोटं हे ओळखण्यात लोक सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरले. नाणं उडवलं असतं तरी ५० मिळाले असते.

नाक चोळणं, मान खाजवणं, बोटं मोडणं या खुणा ताण असल्याच्या असू शकतात. पण खरं बोलणाऱ्यालाही ताण येतो, विशेषतः समोरचा आपल्याकडे संशयाने बघतोय हे कळल्यावर. उजवीकडे वर बघितलं म्हणजे थाप, हा समज तर २०१२ मधल्या प्रयोगांत साफ उताणा पडला. पैशाचा व्यवहार असो की नात्यातला संशय, कागद बघा, तारखा जुळवा, दुसऱ्याला विचारा. कुणाच्या पापण्या मोजून निकाल देऊ नका.

९. ज्यांची पट्टीच वेगळी असते

ही पायरी खरं तर पहिली हवी होती, बाबांच्या अनुभवानंतर तरी. ऐकू कमी येणारी व्यक्ती तुमच्या ओठांकडे टक लावून बघते. पार्किन्सनमध्ये चेहऱ्याचे स्नायू आखडतात, आतून आनंद झाला तरी चेहरा कोरा राहतो. स्वमग्न असलेल्या अनेकांना डोळ्यांत बघणं त्रासाचं होतं, आणि नजर बाजूला ठेवूनच त्यांना नीट ऐकता येतं. वेगळ्या समाजात वाढलेल्यांच्या खुणाही वेगळ्या असतात. मान वर झटकणं हा काही ठिकाणी चक्क नकार असतो. या सगळ्यांना 'उद्धट', 'थंड', 'लक्ष नसलेला' असले शिक्के पटकन बसतात. एखाद्याबद्दल असा शब्द तुमच्या दुसऱ्या रकान्यात वारंवार यायला लागला, तर तिसरा रकाना जरा जास्त वेळ घेऊन भरा.

१०. शेवटी कॅमेरा स्वतःकडे वळवा

स्वतःचा दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा. कुणाशी तरी फोनवर बोलताना काढलेला उत्तम, कारण काही वेळाने कॅमेरा आहे हे आपण विसरतो. आधी आवाज बंद करून बघा, मग चित्र न बघता नुसता ऐका. पहिल्यांदा बघवत नाही. माझ्या व्हिडिओत मी दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आधीच मान हलवत होते, भराभरा, 'कळलं, कळलं, पुढे' अशी. मला वाटायचं मी किती आपुलकीने ऐकते!

सुधारायला एकच गोष्ट निवडा. हातपाय पसरून, ऐसपैस जागा व्यापून दोन मिनिटं राहिलं की आत्मविश्वास वाढतो, संप्रेरकंही (हॉर्मोन्स) बदलतात, असं सांगणाऱ्या २०१० च्या प्रयोगाच्या मागे फार लागू नका. २०१५ मध्ये जास्त लोकांवर तो पुन्हा केला तेव्हा आपण जोरात आहोत असं लोकांना वाटलं खरं, पण संप्रेरकांत फरक दिसला नाही. मूळ लेखकांपैकी एकीने तर पुढच्याच वर्षी आपला त्यावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. सरळ उभं राहायला हरकत काहीच नाही. त्यातून जादू होत नाही, इतकंच.

व्हिडिओत न दिसणाऱ्या गोष्टींसाठी ते तोंडावर खरं सांगणारं माणूस लागतं. माझ्या बाबतीत ते बाबाच निघाले. श्रवणयंत्र लागल्यावर महिन्याभराने मी धीर करून विचारलं, 'बाबा, माझ्या बोलण्याबसण्यात तुम्हाला काय खटकतं?' ते म्हणाले, 'दोन वर्षं झाली, माझ्याशी बोलताना तू सारखी घड्याळ बघतेस. म्हटलं पोरीला घाई असते, उगाच कशाला थांबवून ठेवा. म्हणून मीच आटोपतं घ्यायचो.'

मनगटावरचं ते घड्याळ प्रत्येक संदेशाला थरथरायचं, आणि माझी नजर आपोआप खाली जायची. आता मी त्यांच्या खोलीत जाताना ते काढून दाराशेजारच्या खुंटीला अडकवते, आणि उजव्या बाजूच्या खुर्चीत बसते.